गाडीचा निकाल

आमच्या घरात माणसाच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. म्हणजे अण्णा ठेवत नसत, आणि घर अण्णांचं होतं. जाफराबादला बाजारगल्लीत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, अण्णा, आई आणि मी. मधे फक्त एक पडदा. मला रोज जाग यायची ती पोट उघडं टाकलेल्या एखाद्या रेडिओच्या खरखरीनं. इकडं आईची भाकरी, तिकडं अण्णांचं सोल्डरिंग, त्यामुळं आमच्या भाकरीला कायम राळेच्या धुराचा वास. अजूनही कुठं राळ जळाली की मला भूक लागते, काय करणार. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "सकाळपर्यंत बराबर चालू व्हता हो, हात बी लावला न्हाई कुनी." अण्णा मान वर न करता मीटरच्या दोन काड्या आत टेकवायचे, काटा बघायचे आणि म्हणायचे, "पाणी गेलंय आत." गिऱ्हाईक वरमायचं. ते गेल्यावर अण्णा पडद्याकडं तोंड करून आम्हाला ऐकवायचे, "माणूस काय बी बोलंल. मीटरला बोलताच येत न्हाई, म्हणून ते खरं सांगतं." लहानपणी मला ताप आला, आणि पोरीचं अंग भाजून राह्यलंय असं आई म्हणाली, तर अण्णा आधी थर्मामीटर शोधायला लागायचे. तो सापडेपर्यंत मला ताप नसायचा.

बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं, हे नाकारता येत नाही. येत असतं तर नाकारलं असतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं तेव्हा ते टीव्हीच्या रिकाम्या खोक्यावर पट मांडायचे. आमच्या पटातला एक पांढरा हत्ती कधीच हरवला होता. त्याच्या जागी एका जुन्या रेडिओचं स्टेशन बदलायचं बटण उभं केलेलं असायचं, पिवळसर, कडेला दाते असलेलं. मी कुठलाही डाव खेळले की ते बटण माझ्याच वाट्याला यायचं, कारण अण्णा काळे घ्यायचे. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मी त्यांना हरवायला लागले. त्यांना आवडायचं ते. चारचौघांत सांगायचे, "नंदा माझ्यापेक्षा लांबचं बघती." आई आतून म्हणायची, "लांबचं बघून राह्यली, पण दूध उतू चाललं ते दिसंना तिला." ते दिवस चांगले होते. पुढं जे लिहायचं आहे त्यामुळं ते वाईट होते असं म्हणायची सोय मला नाही, याचाच जास्त राग येतो.

जालन्याला दरवर्षी जिल्ह्याची स्पर्धा भरायची, एका मंगल कार्यालयात. मंठा, तीर्थपुरी, भोकरदन, कुठून कुठून लोक यायचे, धोतरातले म्हातारे आणि शाळेतली पोरं एकाच रांगेत बसायची. मुली म्हणाल तर मी, आणि कधीमधी जालन्याच्या एक-दोघी. आई आदल्या दिवशी धपाटे करायची आणि फडक्यात बांधून द्यायची, सोबत ठेचा. त्या ठेच्याचा वास सगळ्या हॉलभर सुटायचा आणि समोरच्याचं लक्ष उडायचं, हा माझा एकमेव गैरप्रकार. या स्पर्धेची एक रीत होती, ती बाहेरच्या माणसाला सांगितली तर हसेल. शेवटच्या दिवशी डाव कितीही रंगलेला असो, गावाकडच्या मुक्कामी गाड्यांची वेळ झाली की तो थांबवायचा. मुक्कामी गाडी म्हणजे दिवसातली शेवटची एसटी. ती चुकली तर जालन्यात राहायचं कुणाकडं? मग उरलेल्या डावांवर तीन जाणती माणसं वाकून बघायची आणि सांगायची, हा जिंकला असता, हा हरला असता, ही बरोबरी. त्याला सगळे ‘गाडीचा निकाल’ म्हणायचे. त्यावरून दरवर्षी भांडणं व्हायची. मंठ्याच्या पोराला मंठ्याचा पंच झुकतं माप देतो, असं तीर्थपुरीवाले म्हणायचे. आणि तीर्थपुरीचा पंच असला की तेच मंठेवाले म्हणायचे.

मी सांगतेय त्या वर्षी भांडण मिटवायला मशीन आली. स्पर्धा भरवणारे एक डॉक्टर होते जालन्याचे. त्यांच्या भावानं परदेशातून बुद्धिबळ खेळणारी मशीन आणून दिली होती. दिसायला साधा पटच, पण घराघराच्या कडेला तांबडे दिवे, आणि बाजूला एक छोटी काच, तिच्यात आकडे उमटायचे. आपल्या विजेला तिचा अ‍ॅडॉप्टर टिकला नाही, पहिल्याच आठवड्यात जळाला. जालन्यातल्या दोन दुकानदारांनी हात वर केले तेव्हा ती अण्णांकडं आली. अण्णांनी ती दुरुस्त केली आणि मग पंधरा दिवस परत पाठवली नाही. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. अण्णा शब्दकोश घेऊन तिच्यावर वाकलेले असायचे, गिऱ्हाईक उभं राहून निघून जायचं. रोज जेवताना आम्हाला नवीन काही ऐकायला मिळायचं. मशीनला नुसता डाव खेळता येतो असं नाही, कुठलाही मांडलेला डाव दिला तर ती सांगते कोण किती पुढं आहे. प्यादं एक धरायचं, घोडा नि उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. पांढरा पुढं असला की अधिक आकडा, काळा पुढं असला की उणे. "कुनाची सोयरी न्हाई, कुनाची दुश्मन न्हाई," अण्णा म्हणायचे. आईनं एकदा विचारलं, "आन चुकली तर?" अण्णा नुसते हसले. त्यांच्या तोंडावर तसं हसू मी त्याआधी फक्त माझ्या खेळाबद्दल बोलताना बघितलं होतं.

आता मला माहीत आहे ती मशीन काय करत होती. पुढं वाचून घेतलं सगळं, ईर्षेनं वाचलं. ती आपल्यासारखा डाव समजून घेत नव्हती. मी हे खेळले तर तो काय खेळेल, मग मी काय, मग तो काय, असे सगळेच्या सगळे फाटे ती भराभरा चालून बघायची. पण चालणार किती? तिला दिलेला वेळ संपला की ती जिथं असेल तिथंच थांबायची, आणि त्या जागेवर उभी राहून दोन्हीकडचे मोहरे मोजायची. बस. मोजणीत जो जास्त तो जिंकतोय. तिच्या नजरेच्या एक पाऊल पलीकडं मात असली तरी तिच्या लेखी ती नाहीच. साध्या डावात हे चालून जातं, कारण बहुतेक वेळा ज्याच्याकडं मोहरे जास्त तोच जिंकतो. पण एखाद्यानं समजून उमजून हत्ती दिला असेल आणि त्याचं फळ आठ-दहा खेळ्यांनंतर असेल, तर तिला फक्त गेलेला हत्ती दिसणार. त्यात समोरच्याला मधेमधे शह देता येत असतील तर विचारूच नका. प्रत्येक शह ती मात आणखी पुढं ढकलतो, तिच्या नजरेच्या बाहेर. मात टळत नाही, नुसती दिसेनाशी होते.

त्या वर्षी मी शेवटच्या फेरीला पहिल्या नंबरावर होते, आणि समोर मंठ्याचे खरात सर. शाळेत गणित शिकवायचे, तिशीच्या आतले, अतिशय सभ्य माणूस. जिंकेल तो पहिला. मला पहिलं येणं म्हणजे काय होतं ते सांगते. डॉक्टरांची बहीण पुण्यात राहायची. पहिला येईल त्याची राहायची सोय तिच्याकडं, शिकवणी लावायची आणि पुढं कॉलेजातही खेळाडू म्हणून घालायचं, असं डॉक्टरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. अण्णांनी मान डोलवली होती. "पहिली आली तर जाऊ द्या," असं ते आईला म्हणाले होते, माझ्यासमोर. मी मनातल्या मनात ट्रंक भरूनही टाकली होती. मी पुण्याला गेले असते तर काय झालं असतं, कोण झाले असते, ते कुणालाच ठाऊक नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण ते ‘काहीच’ माझं असतं.

पांढरे माझे होते. डाव असा आला की सरांचा राजा कोपऱ्यात, त्याच्या पुढं प्यादी, आणि माझा वजीर जवळ. मी हत्ती दिला. पंचांपैकी एकानं च्च केलेलं मला ऐकू आलं. सरांनी हत्ती घेतला, घ्यावाच लागला. त्यानंतर मी शह दिला नाही. एक प्यादं एक घर पुढं सरकवलं, एवढंच. त्या प्याद्यानं त्यांच्या राजाचं बाहेर पडायचं एकुलतं एक घर बंद झालं. आता पुढच्या खेळीला मात, आणि ती अडवायला त्यांच्याकडं काही नव्हतं. होते ते नुसते शह, वजिराचे आणि हत्तीचे, एकामागून एक. माझा राजा प्याद्यांच्या आडून एकेक घर चालत वर जाणार, शह संपणार, मग मात. मी ते सगळं चालून बघितलं होतं, परत मागं येऊन परत चालून बघितलं होतं. माझ्या तळहाताला घाम नव्हता. सरांनी कपाळाला हात लावला होता. आणि तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं की जाफराबाद मुक्कामी लागली.

घड्याळं थांबवली. तीन डाव अडकले होते, आमचा शेवटचा. मशीन टेबलावर आणली आणि डॉक्टर अण्णांना म्हणाले, "तुमच्याशिवाय कुणाला येत नाही. पण एक डाव तुमच्या मुलीचा आहे, चालेल ना सगळ्यांना?" अण्णा उठून म्हणाले, "मशीन माझी बी न्हाई आन पोरीची बी न्हाई. जे काचंत दिसंल ते मोठ्यानं वाचून दाखवतो." लोकांनी मान डोलवली, कुणी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ विचार करू द्यायचा. पुस्तिकेत लिहिलं होतं की वरच्या पायरीवर ठेवली तर ती रात्रभर विचार करत बसेल. अण्णांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, दाराबाहेर बघितलं, आणि खालची पायरी लावली. पहिले दोन डाव तिनं बरोबर सांगितले. कुणी भांडलं नाही, त्याचंच सगळ्यांना अप्रूप. मग अण्णांनी आमचा डाव एकेक मोहरा दाबत आत भरला. माझा दिलेला हत्ती नव्हताच भरायला. तांबडे दिवे लुकलुकले. काचेत आकडा आला. अण्णांनी चष्मा वर केला आणि वाचला, "उणे चार. काळा जिंकून राह्यला."

मी म्हटलं, "अण्णा, तिला अजून थोडा वेळ द्या."

"गाडी जाईल, नंदा."

"मंग मी खेळून दाखवते. इथंच. दहा मिनटं."

"निकाल लागल्यावर खेळायचं न्हाई, नियम हाय." माझ्याकडं न बघता ते अ‍ॅडॉप्टरची वायर गुंडाळायला लागले होते.

तेव्हा खरात सर बोलले. मी त्या माणसाला आयुष्यभर विसरणार नाही. ते म्हणाले, "काका, खरं सांगू का, माझे शह संपल्यावर मी काय खेळू ते मलाच दिसून न्हाई राह्यलं. मला वाटतं, मी हरलो हाय." डॉक्टर अण्णांकडं बघायला लागले. समोरचा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता, आणखी काय हवं होतं? अण्णांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, हा तुमचा मोठेपणा हाय. लेकरू समजून बोलून राह्यले तुम्ही. पण मशीननं सांगितलं ना." त्यावर परत टाळ्या पडल्या, मघापेक्षा जास्त. स्वतःच्या पोरीच्या विरुद्ध निकाल देणारा बाप कुणी बघितला होता? माणसं अण्णांशी हात मिळवायला पुढं आली. मी धपाट्याचं फडकं घडी करत होते, ते नीट घडी होईना.

गाडी मिळाली आम्हाला, बसायला जागासुद्धा मिळाली. सबंध रस्ताभर अण्णा मशीनबद्दल बोलत होते. घरी आईनं येसर आमटी केली होती, मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडद्याशी उभी राहून अण्णांना म्हणाली, "पोरगी जिंकली व्हती का?"

"मशीननं न्हाई म्हणलं."

"मी मशीनला न्हाई इचारलं, तुम्हाला इचारून राह्यले. तुमचे डोळे काय म्हणले?"

अण्णांनी एक रेडिओ पुढं ओढला आणि त्याचा आवाज वाढवला. आईला घोडा कुठला आणि उंट कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या घरात तो प्रश्न विचारणारी तेवढी एकच निघाली.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. खरात सर पुण्याला गेले नाहीत, त्यांना नोकरी सोडता येत नव्हती. म्हणजे ती जागा कुणाच्याच उपयोगी पडली नाही. मी जालन्याला कॉमर्स केलं, पंचायत समितीत कारकून लागले, लग्न झालं, पोरं झाली, नवरा चांगला मिळाला. बुद्धिबळ मी त्या दिवसानंतर एकदाही खेळले नाही. तो डाव मात्र रोज आठवायचा, फायली लावताना, भाजी निवडताना. अख्खा पट डोळ्यांपुढं उभा राहायचा. अण्णांनाही तो दिवस आठवायचा, पण त्यांना टाळ्या आठवायच्या. सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना, दुकानात येणाऱ्याला ते सांगायचे की पोटच्या पोरीला मी एका आकड्याचीसुद्धा सूट दिली न्हाई. माझ्या हरण्यावर त्यांची इज्जत उभी होती. आई गेल्यावर मी त्यांना जालन्याला माझ्याकडं आणलं, दुकान बंद झालं, हात थरथरायला लागले, पण ती गोष्ट थरथरली नाही.

परवा मी रिटायर झाले. कार्यालयात निरोप समारंभ होता, शाल, श्रीफळ, सगळं. साहेब म्हणाले, वडिलांनी दोन शब्द बोलावेत. अण्णांना खुर्चीतून उठवून माईक दिला. त्यांनी माझ्या नोकरीबद्दल एक वाक्य सांगितलं आणि मग ती गोष्ट सुरू केली. मुक्कामी गाडी, मशीन, उणे चार. शेवटी म्हणाले, "खरं म्हणजे खरं, मंग पोरगी असो की कुनी असो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, समोर बसून काय करणार. माझ्या निरोपाला, माझ्या शालीत मला गुंडाळून, माझा बाप परत एकदा मला हरवत होता.

त्याच आठवड्यात मी फोनवर तो डाव मांडला. इतकी वर्षं हे करता आलं असतं, फुकट मिळतात ते बुद्धिबळाचे प्रोग्राम, त्या टेबलावरच्या मशीनला चारी मुंड्या चीत करतील असे. केलं नाही, कारण भीती वाटत होती. समजा मीच चुकलेली निघाले तर? मग माझ्याकडं रागसुद्धा उरला नसता. मोहरे बसवले आणि बोट टेकवलं. आजच्या मशीनलाही पहिल्या झटक्यात कळलं नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. तीसुद्धा आधी शहाच्या नि मारामारीच्या खेळ्यांकडं धावते आणि गप्प खेळ्या मागं टाकते, त्यामुळं क्षणभर कोण पुढं ते दाखवणारी बाजूची पट्टी काळ्याकडं झुकली, उणे आकडा आला. मग आकडा हलला, शून्यावर आला, अधिकात गेला, पट्टी खालून वरपर्यंत पांढरी झाली आणि आकड्याच्या जागी लिहून आलं की मात आहे. तीच वाट, राजा प्याद्यांच्या आडून वर, शह संपले, मात. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आनंद नव्हता तो. कुणाला सांगणार होते मी? खरात सर वारले, डॉक्टर वारले, आई वारली.

उरले होते अण्णा. मी माळ्यावरून जुना पट काढला. बटणाचा हत्ती होता अजून डब्यात. अण्णा बाहेरच्या खोलीत उन्हाला बसले होते. त्यांच्यापुढं स्टुलावर मी डाव मांडला, दिलेला हत्ती पटाबाहेर ठेवला आणि फोन माझ्या मांडीवर. ठरवलं होतं की आधी फोन दाखवायचा नाही. एकदा, एकदाच, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगावं. मशीनच्या आधी. एवढंच हवं होतं मला.

"अण्णा, पांढरे माझे. खेळी काळ्याची. कोण जिंकून राह्यलं?"

त्यांनी चष्मा पुसला, वाकले. डाव त्यांना ओळखू आला की नाही, माहीत नाही. बराच वेळ बघत होते. मग त्यांचं थरथरतं बोट माझ्या राजावर आलं आणि एक घर वर सरकलं, हवेतच. मग आणखी एक घर. बरोबर वाट होती. बोट तिथं थांबलं, मागं आलं आणि परत चष्म्याकडं गेलं.

"मशीन काय म्हणून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"मशीन न्हाई इथं. तुम्ही सांगा."

"मंग कसं सांगावं?" ते म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले, जसा काही प्रश्नच मिटला.

फोन माझ्या मांडीवर होता. नुसता त्यांच्या पुढं धरायचा अवकाश, त्यांनी लगेच मान्य केलं असतं. नंदा, तू जिंकली व्हतीस, असं म्हणालेही असते, उद्या शेजाऱ्यांना गोष्ट सांगताना शेवट बदललाही असता. मी फोन पालथा घातला. मोहरे एकेक करून डब्यात टाकले, बटणाचा हत्ती सगळ्यात शेवटी, आणि झाकण लावलं. अण्णांनी विचारलं, चहा करून राह्यली का. मी म्हटलं, हो, करते.